गेट अडवणाऱ्याला मान, मागणारीला सबुरीचा सल्ला: इस्रायलमधल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगच्या कमिटीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरीसाहेब, हजानसाहेब आणि कमिटीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम शालोम.

पेसाहच्या सणानंतरच्या बैठकीत आमचा अर्ज फेटाळला गेल्याचं समजलं. अर्जात फार काही मागितलं नव्हतं. एका संध्याकाळपुरता हॉल हवा होता. रब्बींच्या, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या, कोर्टात बायकांची बाजू मांडणारी एक तोएनेत येणार होती. घटस्फोटाचा कागद, म्हणजे गेट, कसा मागायचा, सरकारी खर्चाने वकील कसा मिळतो आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही, एवढंच ती सांगणार होती. ज्यांना हिब्रू जड जातं त्यांना मराठीत मी सांगणार होते. चहा-नाश्त्याचा खर्चही आमचाच होता. लेखी उत्तर आलं नाही, नुसता निरोप आला: "हे घरातले मामले, सिनेगॉग त्यात पडत नाही."

खरंच पडत नाही? मग गेल्या सिम्हात तोराच्या सणाला ज्यांच्या हातात सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, देऊन पहिल्या फेरीचा मान दिलात, ते गृहस्थ बायकोचं गेट अडवून बसले आहेत हे कमिटीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं का? त्यांनी गेट दिलंच पाहिजे असा बेथ दिनचा, म्हणजे रब्बींच्या कोर्टाचा, निकाल आहे. त्याची प्रत मी स्वतः सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिली होती. ती बायको म्हणजे माझी धाकटी बहीण. त्या दिवशी वर बायकांच्या गॅलरीत बसून तिला ते सगळं पाहावं लागलं. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर ठेवते आहे. कोणाचं नाव घेत नाही, कारण अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड होते आणि ती मर्यादा मला पाळायची आहे. ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

हे पत्र ठाण्या-पुण्यातले, अलिबागकडचे आपले लोकही वाचतील, ज्यू नसलेले मराठी वाचकही वाचतील. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कमिटीने कंटाळू नये.

इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट हे दोन्ही 1953 च्या कायद्याने फक्त रब्बींच्या कोर्टाच्या, म्हणजे बेथ दिनच्या हातात आहेत. नोंदणी पद्धतीचं लग्न इथे देशात होतच नाही. कोर्टात न्यायाला बसणारे दयान सगळे पुरुष. त्यांनी कितीही निकाल दिले तरी त्या निकालाने लग्न मोडत नाही. लग्न मोडतं ते नवऱ्याने आपखुशीने बायकोला गेट दिल्यावर. गेट म्हणजे बारा ओळींचा, अरामी भाषेत, खास त्या एका बाईसाठी हाताने लिहिलेला कागद. नवऱ्याने दिला नाही तर बाई बायकोच राहते, दहा वर्षं वेगळी राहिली तरी. शास्त्राच्या आधाराशिवाय जबरदस्तीने घेतलेलं गेट बाद ठरतं, म्हणून दयानही हात आखडता घेतात. बायकोलाही गेट घ्यायला नकार देता येतो, पण तशा वेळी पुरुषाला, क्वचित का होईना, खास परवानगीने दुसरं लग्न करायची वाट आहे. बाईला तशी वाट नाही. आणि त्या अवस्थेत तिला दुसऱ्या ज्यू पुरुषापासून मूल झालंच, तर ते मूल मामझेर. दुसरा मामझेर किंवा धर्मांतर करून ज्यू झालेलं माणूस सोडलं तर त्याला समाजात कोणाशी लग्न करता येत नाही, आणि हा डाग पुढच्या पिढ्यांनाही लागतो. पुरुषाला दुसऱ्या, अविवाहित बाईपासून मूल झालं तर त्या मुलाला काहीच लागत नाही.

मुंबईच्या मैत्रिणी मला विचारतात, "म्हणजे तलाकसारखंच का गं?" नाही, जवळजवळ उलटं. तिथे भांडण होतं ते नवरा एका दमात सोडतो याचं. इथलं भांडण तो सोडतच नाही याचं आहे. महाराष्ट्रात परित्यक्तांचे मोर्चे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही अवस्था लगेच उमगेल.

गेट मिळतं तेव्हा काय होतं तेही सांगते, कारण कमिटीतल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नाही. बेरशेबाच्या कोर्टात ओळखीच्या एका बाईची नावं सांगायला साक्षीदार म्हणून मी गेले होते. गेटमध्ये नाव चुकलं तर गेट बाद, म्हणून माणसाला ज्या ज्या नावाने हाक मारतात ती सगळी नावं विचारतात. तिचं हिब्रू नाव एक, तेउदात झेहूतवर (ओळखपत्रावर) दुसरं, माहेरी सगळे ठकू म्हणायचे आणि सासरी आणखी वेगळंच. दयान विचारत होते, "ठकू म्हणणारं अजून कोणी हयात आहे का?" मी म्हटलं, मीच आहे. मग लेखनिक सोफेर माझ्याकडे वाकून ठकू मधला ठ हिब्रूत कसा बसवायचा हे दोनदा विचारून गेला. त्याने लिहिलं, साक्षीदारांनी सह्या केल्या. तिला अंगठ्या काढायला सांगितल्या, दोन्ही तळहात जुळवून पुढे धरायला सांगितले. नवऱ्याने घडी केलेला कागद वरून तिच्या ओंजळीत टाकला. तिने तो काखेत धरला आणि दारापर्यंत चालत गेली. झालं. कागद कोर्टाने परत घेतला, त्याला कात्रीने छेद दिला, तिला दाखला दिला आणि पुन्हा लग्न करायचं तर ब्याण्णव दिवस थांबा म्हणून बजावलं. लिहिण्यासकट सगळं एका सकाळीत उरकलं. ज्या गोष्टीला एक सकाळ पुरते तिच्यासाठी बायकांची तरुणपणं जातात, ती फक्त समोरच्याने "देतो" म्हणावं म्हणून.

आणि "देतो" याची किंमत ठरलेली असते. 1973 च्या कायद्याने संसारात कमावलेल्यात बायकोचा अर्धा वाटा आहे. रब्बींच्या कोर्टानेही मालमत्तेची वाटणी नागरी कायद्याप्रमाणेच केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या बवली खटल्यात स्पष्ट केलं आहे. कागदावर बाई भक्कम आहे. पण नवरा म्हणतो, फ्लॅटमधला हिस्सा सोड, मुलांच्या पोटगीचा दावा मागे घे, मग बघू. आमच्या बहिणीपुढे हाच सौदा ठेवला गेला. तिने मानला नाही, म्हणून ती आजही अडकलेली आहे.

आता कमिटीच्या कारभाराबद्दल.

पहिली तक्रार सर्टिफिकेटची. "सदर गृहस्थ सिनेगॉगचे नियमित सभासद असून त्यांची वर्तणूक उत्तम आहे" असं पत्र आपल्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, नवऱ्याच्या बाजूने कोर्टात आलं. ते देण्याआधी बायकोलाही एक शब्द विचारावा असं कोणाला वाटलं नाही. ती पण सभासदच आहे, वर्गणी तिच्याही नावाने भरली जाते.

दुसरी तक्रार समेटाची. समेट घडवू नका असं मी म्हणत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी कितीतरी संसार सावरले आहेत. पण ऑफिसात तीन पुरुष, समोर एकटी बाई, टेबलावर हिब्रूत टाइप केलेला करार आणि वर "सही कर बेटा, आम्ही आहोत ना" याला समेट म्हणत नाहीत. अशी सही केलेल्या एका बाईचा करार मी वाचला आहे. त्यात मुलांची पोटगी तिने सोडली होती, आणि त्याबद्दल गेट देण्याची तारीखच लिहिलेली नव्हती. असा करार कोर्टाने मंजूर केला की तो निकालासारखाच लागू होतो. नंतर तो सोडवून घेणं फार अवघड जातं.

तिसरी तक्रार म्हणजे मराठी. आपण मलिद्याचा विधी मराठीत करतो, एलियाहू हन्नबी या प्रेषिताची गाणी मराठीत म्हणतो, मयताच्या नोटिसा मराठीत लावतो. बाईच्या हक्काची एक ओळ नोटीस बोर्डावर मराठीत लावायची म्हटली की मात्र हिब्रू पुरेसं होतं. ज्या बायका वयाच्या पन्नाशीत इथे आल्या, ज्यांचं हिब्रू बाजारहाटापुरतं आहे, त्या कोर्टाचं समन्स घेऊन नातवाकडे जातात. आजोबा आजीला सोडत नाहीत हे नातवाने वाचून दाखवायचं!

सिम्हात तोराच्या मानाबद्दल वर लिहिलंच आहे.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून लिहिते. 1962 मध्ये चीफ रब्बी निस्सिम यांच्या काळात रब्बानूतने (मुख्य रब्बींच्या कचेरीने) सगळ्या विवाह-नोंदणीदारांना आदेश काढला, बेने इस्राएलचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. संशय कशाचा होता? इतर गोष्टींबरोबर याचाही, की कोकणात राहिलेल्या आपल्या लोकांना गेटचे नियम ठाऊक नव्हते, त्यामुळे पिढ्यांपूर्वीचे घटस्फोट अपुरे असतील आणि आपल्यात मामझेर असतील. आपल्या आईबापांनी त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये येऊन धरणं धरलं. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटची, म्हणजे संसदेची, खास बैठक झाली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला रब्बानूतला सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. त्याच महिन्यात आदेशातून आपल्या समाजाचं नाव गेलं. दरवर्षी आपण याची भाषणं करतो, फोटो लावतो. फोटोत पुढे बसलेल्या बायका आहेत, नऊवारीत, कडेवर मुलं घेऊन. त्या वेळी हा "घरातला मामला" नव्हता. गेटच्या नावाखाली परक्यांनी आपल्याला अडवलं तेव्हा आपण रस्त्यावर बसलो. आज त्याच गेटच्या नावाखाली आपल्यातलाच पुरुष आपल्यातल्या बाईला अडवतो आहे आणि कमिटी त्याला सेफेर देते आहे.

"आम्ही काय करणार, धर्मशास्त्रच तसं आहे" हे उत्तर मला चांगलं पाठ आहे. धर्मशास्त्रात एवढंच नाही. थोर धर्मशास्त्री रामबाम सांगतात की ज्याने गेट देणं भाग आहे त्याला "मला द्यायचं आहे" असं म्हणेपर्यंत भाग पाडावं, आणि ते गेट वैध आहे. बाराव्या शतकातल्या रब्बेनू ताम यांनी समाजानेच अशा नवऱ्यापासून दूर राहावं, त्याच्याशी व्यवहार करू नये, अशी वाट दाखवली. इथली बेथ दिन ती वापरतात आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2017 साली ती मान्य केली. म्हणजे या कामात धर्माने सर्वांत मोठं हत्यार दिलंय ते दयानांना नव्हे, सिनेगॉगला. गेट अडवणाऱ्याला मान देऊ नका, एवढं करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

सरकारी कायदाही रिकामा नाही. 1995 च्या कायद्याने बेथ दिन अशा नवऱ्याचा पासपोर्ट आणि ड्रायव्हिंग लायसन्स अडकवू शकतं, बँक खात्यावर बंधनं घालू शकतं, त्याला देशाबाहेर जायला मनाई करू शकतं, तुरुंगातही टाकू शकतं. दयानांनी निकालात "भाग आहे" लिहिलं की नुसतं "द्यावं" लिहिलं, यावर या उपायांचं दार बंद होत नाही. पण हे आपोआप होत नाही. बाईच्या बाजूने कोणी तरी अर्ज करावा लागतो, तारखेला उभं राहावं लागतं, नाही म्हटलं तर पुन्हा अर्ज करावा लागतो. तुरुंगही प्रत्येक वेळी पुरतो असं नाही. गेट देण्यापेक्षा 32 वर्षं कोठडीत काढून 1994 साली तिथेच मरण पावलेला माणूसही या देशाने पाहिला आहे. तरी बहुतेक नवरे इतके हट्टी नसतात. लायसन्स गेलं की पुष्कळांना शहाणपण सुचतं. त्यासाठी बाईकडे जाणकार माणूस हवा, आणि नेमकं तेच माणूस आम्ही हॉलमध्ये आणत होतो.

अशी माणसं आहेत. न्यायखात्याचा कायदेशीर मदतीचा विभाग 1972 च्या कायद्याने चालतो. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल आणि दाव्यात दम असेल तर रब्बींच्या कोर्टासाठीही तो वकील देतो. बेरशेबात त्याचं ऑफिस आहे. 1990 च्या दशकापासून बायकांना तोएनेत होता येतं. जेरुसलेममधल्या मिद्रेशेत लिंडेनबाउममध्ये त्यांचं शिक्षण सुरू झालं, आणि 1997 पासून 'याद लाइशा' ही त्याच छत्राखालची संस्था अडकलेल्या बायकांचे खटले लढते. 'मावोय सातूम' आहे, बार-इलान विद्यापीठाचं रॅकमन सेंटर आहे. नवरा परदेशात गायब झाला असेल तर शोध घ्यायला रब्बींच्या कोर्टांचाच एक वेगळा विभाग आहे. यातलं काहीही आपल्या बोर्डावर कधी लागलेलं मी पाहिलं नाही. हाउझीच्या तिकिटांची जाहिरात मात्र पाच महिने होती.

इथे भारतातल्या आपल्या मंडळींशीही बोलायचं आहे. मुंबईत, ठाण्यात सिनेगॉगमध्ये लग्न लागतं, पुढे पटत नाही, वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातून हुकूमनामा मिळतो. बाईला वाटतं, सुटले. मग ती आलिया करून, म्हणजे इस्रायलमध्ये स्थायिक व्हायला, इथे येते, कोणी चांगला भेटतो, लग्नाची नोंद करायला रब्बानूतमध्ये जाते आणि तिथे कळतं की इथल्या हिशेबी ती अजून पहिल्याचीच बायको आहे. तोपर्यंत पहिला कुठे दुबईला, कुठे ऑस्ट्रेलियात. तेव्हा कृपा करून कोर्टाचा हुकूमनामा झाला की लगोलग गेटचंही बघा, दोघंही बोलण्याच्या स्थितीत आहेत तोवर. नवऱ्याने इथे यायलाच हवं असं नाही, रीतसर प्रतिनिधी नेमूनही गेट देता येतं. आणि सिनेगॉगच्या ऑफिसांनी केतुबाची, म्हणजे लग्नाच्या कराराची, प्रत मागणाऱ्या बाईला "नवऱ्याला घेऊन ये" असं सांगू नये. तो येणार असता तर तिला प्रत कशाला लागली असती?

आता मागण्या. कमिटीच्या अधिकारात नाही असं यात काहीही नाही.

ज्याच्याविरुद्ध बेथ दिनने गेट देण्याचा निकाल दिला आहे, त्याला गेट देईपर्यंत आलिया (इथे अर्थ तोरा वाचायला बोलावण्याचा मान), सेफेर, हजानाची (प्रार्थना चालवणाऱ्याची) जागा, कमिटीचं पद यांतलं काही मिळणार नाही असा ठराव करावा. बाई निकाल झुगारून गेट घ्यायला नकार देत असेल तर तिलाही हाच नियम लावा, माझी हरकत नाही.

माझ्या बहिणीच्या खटल्यात दिलेलं वर्तणुकीचं पत्र कमिटीने लेखी मागे घ्यावं. पुढे चालू खटल्यात कोणत्याच बाजूला असं पत्र देऊ नये.

ऑफिसात समेटाला बसायचं तर बाईबरोबर तिच्या पसंतीची एक बाई असेल, आणि त्या बैठकीत कोणत्याही कागदावर सही होणार नाही. कागद वकिलाला दाखवायला घरी नेता आला पाहिजे.

कायदेशीर मदतीच्या विभागाची आणि या कामातल्या संस्थांची माहिती मराठी आणि हिब्रूत बोर्डावर लावावी, 'मायबोली' या आपल्या मराठी नियतकालिकातही छापायला द्यावी. बायकांच्या गॅलरीच्या जिन्यातही एक प्रत लावा. खाली पुरुषांसमोर उभं राहून फोन नंबर उतरवून घ्यायची छाती प्रत्येकीला होत नाही.

लग्न ठरलेल्या मुलामुलींना केतुबाच्या वेळीच परस्पर-सन्मानाच्या कराराची माहिती द्यावी. वेगळं व्हायची वेळ आली आणि कोणी अडवून बसलं, तर त्याने दुसऱ्याला दरमहा पैसे द्यायचे, असा हा करार. इथल्या धार्मिक रब्बींनीच तो बेतला आहे, लग्नाआधी नोटरीपुढे होतो. मुलीच्या बापाला तो अपशकुन वाटतो हे मला माहीत आहे. केतुबात तरी काय असतं? नवरा मेला किंवा त्याने सोडलं तर बायकोला किती द्यायचं, हेच ना. ते आपण मांडवात मोठ्याने वाचतो.

आणि आमची ती सभा. रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या, आधी, बुधवारी संध्याकाळी, हॉल रिकामाच असतो.

सर्वसाधारण सभेत पहिल्या मागणीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायला दोन सभासद तयार आहेत, त्यातले एक पुरुष आहेत, आणि ठराव अजेंड्यावर घ्या असं पत्र सेक्रेटरीसाहेबांना रजिस्टर टपालाने पाठवलं आहे. त्याचं उत्तर लेखी द्यावं, ही विनंती.

आपली,
सिनेगॉगची एक वर्गणीदार सभासद